रुग्णनोंदींची गोपनीयता आणि संशोधन (खानदेश)

रुग्णाने उपचारासाठी सांगितलेली, तपासणीत आढळलेली आणि दवाखान्याच्या दप्तरी लिहिली गेलेली माहिती पुढे संशोधनासाठी वापरताना ती कोणाची आहे हे बाहेर कळू नये, यासंबंधीचे नियम, रीती व वाद या विषयात येतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत त्याला स्वतःचे वळण आहे. येथे नाव खोडले तरी माणूस लपत नाही.

याचे ठळक उदाहरण सिकलसेल. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. आई-वडील दोघेही वाहक (सदोष जनुक अंगात असलेले, पण स्वतः आजारी नसलेले) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. या नोंदींचा अभ्यास झाला नाही, तर या आजारावरच्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाच्या गोळ्या कोणत्या आरोग्य केंद्रात किती लागतील हेही ठरवता येणार नाही. म्हणून संशोधनच नको, ही भूमिका आदिवासी रुग्णाच्याच मुळावर येणारी आहे.

अडचण रजिस्टरच्या रकान्यांत आहे. नाव, वय, वडिलांचे नाव, पाडा, रक्ताचा निकाल अशी माहिती एका ओळीत येते. संशोधकाला देताना नाव आणि वडिलांचे नाव काढतात. पाडा मात्र राहतो, कारण आजार कुठे पसरला आहे हेच शोधायचे असते. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या मोजक्या घरांच्या पाड्यात ‘१९ वर्षांची मुलगी, एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजारी, नुसती वाहक नव्हे), दोनदा रक्त चढवले’ एवढे वाचले, की बाजाराच्या दिवशी भेटणारा कोणीही ती कोणाची लेक ते सांगेल. माहितीच्या गोपनीयतेच्या अमेरिकी अभ्यासक लताना स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवले होते, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकटे ओळखू येऊ शकतात. पाड्यात तर जन्मतारखेचीही गरज पडत नाही.

याची झळ सोयरिकीत बसते. वाहक व्यक्ती आजारी नसते, सहसा तिला कसला त्रासही नसतो. पण ‘हिच्या रक्तात दोष आहे’ एवढी कुणकुण लागली की जुळत आलेले लग्न मोडू शकते, आणि बोल बहुधा मुलीलाच लागतो. हे नुकसान भरून देण्याची सोय कोणत्याही फॉर्मवर नसते.

संमतीचा प्रश्न याहून कठीण आहे. केसपेपर काढून रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या घरची बोली पावरी, भिली किंवा अहिराणी. समोरचा कागद प्रमाण मराठीत, कधी इंग्रजीत. तिला औषध हवे असते, म्हणून ती अंगठा देते. त्या अंगठ्याला संमती म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी, निरक्षर व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार असावा, आणि समाजप्रमुखाचा होकार व्यक्तीच्या संमतीच्या जागी धरू नये. जुन्या नोंदी ओळख पुसून वापरायच्या असतील आणि धोका अत्यल्प असेल, तर नीतिसमिती, म्हणजे संशोधनाचा प्रस्ताव तपासून मंजुरी देणारी समिती, संमतीची अट शिथिल करू शकते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला पुन्हा गाठून विचारणे अवघड असते, त्यामुळे ही सवलत मोहाची ठरते.

कायद्याचा आधार विखुरलेला आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनी रुग्णाचे गुपित राखणे डॉक्टरवर बंधनकारक केले. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यात आरोग्याच्या माहितीचा वेगळा संवेदनशील वर्ग नाही. संशोधनाला त्यात सूट आहे, मात्र ठरवलेली मानके पाळावी लागतात आणि त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घेता येत नाही. सिकलसेल वाहकाचे नुकसान संशोधकाच्या निर्णयाने होत नाही, शेजाऱ्याच्या तोंडून होते. तिथवर ही अट पोहोचत नाही.

उपाय साधे आहेत. पाड्याऐवजी तालुका लिहिणे, नेमक्या वयाऐवजी वयोगट देणे, तक्त्यात एक-दोन रुग्ण असलेले आकडे झाकणे, नावांची आणि सांकेतिक क्रमांकांची यादी वेगळ्या कुलपात ठेवणे. रजिस्टरच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून गटात पाठवण्याची सवय मोडली नाही, तर मात्र बाकी सारे व्यर्थ आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नीतिसमितीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. ती जागा पाड्यावरच्या, पावरी बोलणाऱ्या बाईला मिळाली, तर कोणता रकाना आधी खोडायचा हे ती तक्ता पाहताच सांगेल.