मुंढ्यापाशी अडलेला हात

खोचलेला शर्ट घालून वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंचावला की शर्ट हमखास बाहेर येतो. आपण तो परत खोचतो आणि विसरून जातो. सहाशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या किंवा इंग्लंडमधल्या शिंप्याला हे विसरून चालत नसे. त्यानं शिवलेल्या अंगरख्याला कमरेशी नाड्या असत आणि त्या नाड्यांवर योद्ध्याच्या मांड्यांचं पोलाद लटकत असे. तलवार उगारताना अंगरखा वर सरकला, तर ते सगळं वजन त्याच्याबरोबर हलणार. वजनानं अंगरखा खालीच धरून ठेवला, तर हात खांद्याच्या वर जाणार नाही. रणांगणावर या दोन्हींची किंमत जिवानं मोजावी लागली असती.

जुनी युरोपीय वस्त्रं आणि चिलखतं अभ्यासून ती पुन्हा तयार करण्याचा छंद मला लागला तो पोलादाच्या ओढीनं. चकचकीत छातीपत्रं, घुमटासारखी शिरस्त्राणं यांची चित्रं मी तासन्‌तास बघायचे. पण प्रत्यक्ष हातात कात्री आली आणि वर्षभर मी फक्त बगलेपाशी अडकून राहिले. आता मला असं वाटतं की चिलखताचं खरं शास्त्र तिथेच आहे, लोखंड जिथे संपतं तिथे.

हा छंद जगात नवा नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये १९६६ साली काही मित्रमंडळींनी घराच्या मागच्या अंगणात मध्ययुगीन लढतीचा कार्यक्रम केला. त्यातून उभी राहिलेली ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ ही संस्था आज अनेक देशांत पसरली आहे. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डच्या मैदानावर दर जुलैमध्ये १४१० सालची लढाई पुन्हा उभी केली जाते. तिथे येणाऱ्यांत हौसेनं मिरवणारे असतात, तसेच एकेका टाक्यासाठी पुरावा शोधणारेही असतात. मला दुसऱ्या प्रकारचे लोक फार आवडतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे तुला कशावरून कळलं?

आणि तिथेच खरी अडचण सुरू होते, कारण मातीला कापड आणि लोखंड एकाच वेळी सांभाळता येत नाही. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कच्या राजाच्या फौजेनं शेतकऱ्यांच्या सैन्याची कत्तल केली. ऐन उन्हाळ्यात प्रेतं कुजू लागली होती, म्हणून अनेकांना अंगावरच्या चिलखतासकट सामूहिक खड्ड्यांत पुरलं गेलं. विसाव्या शतकात ते खड्डे उघडले तेव्हा हजाराहून अधिक माणसांचे सांगाडे निघाले. काही कवट्यांभोवती साखळीची टोपरी तशीच होती. छातीवर लोखंडी पत्र्यांच्या ओळी होत्या. पण हे पत्रे ज्या कापडाला किंवा कातड्याला आतून रिव्हेट मारून बसवलेले होते, त्याची माती झाली होती. संशोधकांना केवळ पत्र्यांच्या जागांवरून आणि रिव्हेटांच्या लांबीवरून मधलं नाहीसं झालेलं वस्त्र ओळखावं लागलं.

दलदलीत याच्या उलट घडतं. स्वीडनमध्येच बॉकस्टेन इथे १९३६ साली पीटच्या दलदलीत चौदाव्या शतकातला एक माणूस सापडला. खून करून त्याला खुंट्यांनी तळाशी ठोकून ठेवलं होतं. त्याचा लोकरी अंगरखा, टोपडं, झगा, पायमोजे असे टिकले आहेत की शिवणी मोजता येतात. आतला सदरा मात्र नाही. लोकर हे प्रथिन आहे, आम्लधर्मी पाण्यात ते तग धरतं. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातला धागा, तो सेल्युलोजचा, तो त्याच पाण्यात विरून जातो. त्यामुळे त्यानं आत सदरा घातला होता की नाही, हे ती दलदल सांगू शकत नाही. लिनन बघायचं तर कोरडी जागा हवी. ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली एका कमानीवरच्या भरावात कापडाचे हजारो तुकडे मिळाले, त्यांत पंधराव्या शतकातली, आजच्या ब्रेसियरशी थेट नातं सांगणारी लिननची अंतर्वस्त्रं होती. अशी वस्त्रं त्या काळी असतील अशी फारशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

मी पहिल्यांदा बेतला तो ग्रीनलंडचा अंगरखा. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला हेर्योल्फ्सनेस इथे नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाकडच्या लोकांच्या वसाहतीचं दफनस्थान समुद्र खात चालला होता. १९२१ साली डॅनिश पुरातत्त्वज्ञ पॉल न्यॉर्लुंड यांनी तिथे उत्खनन केलं. त्या उघड्या-बोडक्या प्रदेशात लाकूड दुर्मीळ, म्हणून बऱ्याच मृतांना शवपेटीऐवजी जुन्या कपड्यांत गुंडाळलं होतं. जमीन गोठलेली राहिली आणि कपडे टिकले. झुडपांची मुळं त्या विणीतून आरपार गेली होती. आज ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या बेतण्याची रेखाटनं प्रसिद्ध झालेली आहेत.

ती रेखाटनं पाहून मला आजीच्या शिलाई मशीनशेजारची चिंध्यांची पिशवी आठवली. पुढचा-मागचा भाग जवळजवळ सरळ, आणि घेर यावा म्हणून कळ्याच कळ्या, म्हणजे मध्ये जोडलेले त्रिकोणी तुकडे. आपल्याकडच्या अंगरख्याच्या कळ्यांशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हे चित्र परकं वाटणार नाही. यामागे कुणी कुणाचं अनुकरण केलेलं नाही, कारण साधं आहे. एकेक धागा हातानं कातलेला असेल तर कात्रीखाली वाया जाणारा प्रत्येक तुकडा म्हणजे कुणाच्या तरी कित्येक संध्याकाळी. म्हणून कापडाचे चौकोन करायचे, चौकोनाचे त्रिकोण करायचे, आणि उलटसुलट जोडत जायचं.

बगलेतला चौबगला हा याच विचाराचा सर्वांत सुंदर नमुना आहे. हात खाली असताना कमरेपासून बगलेपर्यंत आणि बगलेपासून कोपरापर्यंत टेपनं माप घ्या. मग हात डोक्यावर नेऊन तेच माप पुन्हा घ्या. माझ्या अंगावर फरक आठ-दहा सेंटिमीटर भरला. बगलेतली दुमडलेली त्वचा उलगडते, खांद्याचं पातं फिरतं आणि बाजूची रेषा लांब होते. हे जास्तीचं कापड कुठून तरी आलं पाहिजे. आजच्या शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, सैल असतो, तिथे ते कमरेतून येतं, म्हणून शर्ट सुटतो. जुन्या शिंप्यानं बाही आणि धड यांच्या सांध्यात एक छोटा चौकोन कोनावर उभा करून बसवला. हात खाली असला की तो दुमडून बसतो, वर गेला की पतंगासारखा उघडतो. शिवाय त्या चौकोनावर ओढ येते ती कर्णाच्या दिशेनं, म्हणजे कापडाच्या उरेब अंगावर. उभ्या किंवा आडव्या धाग्यावर ओढलं तर कापड जेमतेम ताणतं. तिरकं ओढलं तर विणीतली प्रत्येक चौकट शंकरपाळ्यासारखी तिरपी होते आणि धागा न ताणताही कापड लांबतं. हाताच्या रुमालावर दोन्ही दिशांनी ओढून पाहा.

सैल अंगरख्याला एवढं पुरतं. चौदाव्या शतकाच्या मध्यावर मात्र युरोपातले कपडे अंगासरशी घट्ट होऊ लागले आणि त्याच सुमाराला साखळीच्या सदऱ्यावर पोलादी पत्रे चढू लागले. फॅशन आधी की पत्रा आधी, यावर मी कितीतरी वाद ऐकले आहेत. माझ्या मते दोघं एकमेकांना ओढत नेत होते. घट्ट कपड्यात चौबगला बोचतो, त्याच्या घड्या लोखंडाखाली चिरडतात. मग काय करायचं?

याचं उत्तर फ्रान्समधल्या ल्याँच्या वस्त्रसंग्रहालयात जपून ठेवलं आहे. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांताच्या गादीसाठी लढणारा शार्ल द ब्लुआ २९ सप्टेंबर १३६४ रोजी ओरेच्या लढाईत मारला गेला. लोक त्याला संत मानू लागले, आणि त्याचा म्हणून मानला गेलेला अंगरखा पवित्र वस्तू म्हणून शतकानुशतकं सांभाळला गेला. रेशमावर सोन्याच्या जरीत विणलेले सिंह आणि गरुड, आत कापूस भरून घातलेले टाके, पुढे दाट बटणं, आतल्या बाजूला पायमोजे बांधायच्या नाड्या. एवढं उंची वस्त्र लोखंडाखाली घालत असतील असं मला वाटत नाही. पण त्याचा मुंढा पाहिला आणि मी थक्क झाले.

आपला मुंढा खांद्याच्या सांध्याभोवती फिरतो. या अंगरख्याचा मुंढा गळ्याच्या जवळून निघतो, छातीवरून खाली येतो, बगलेत अगदी वर, अंगाला चिकटून जातो आणि पाठीवरच्या पात्याला वळसा घालून परत येतो. प्रचंड मोठं वर्तुळ. याला ‘ग्रांद आसिएत’ म्हणतात. आसिएत म्हणजे बैठक, फ्रेंचमध्ये थाळीलाही तोच शब्द आहे. बाहीच इतकी रुंद की छातीचा आणि पाठीचा मोठा भाग तिनेच झाकलेला, आणि ती रुंदी कळ्या घालून आणलेली. शिवण शरीराच्या स्थिर भागावर ठेवायची आणि हलणारं सगळं अंग, म्हणजे खांद्याचं पातं, छातीचा स्नायू, बगल, बाहीच्या हवाली करायचं, अशी ही युक्ती आहे.

कागदावर मला हे पटत नव्हतं. मुंढा मोठा म्हणजे अडचण मोठी, असंच शिवणकामाच्या वर्गात शिकवलं होतं. मांजरपाटावर पहिला प्रयत्न केला तेव्हा तसंच झालं, हात आडवा गेला आणि अडला. दोन वेळा उसवून पाहिल्यावर लक्षात आलं की मी बगलेचा बिंदू दोन बोटं खाली घेतला होता. वर्तुळ पुढे-मागे कितीही वाढवा, बगलेत ते वरच राहिलं पाहिजे, कारण तो बिंदू हाताच्या बिजागरीच्या जितका जवळ, तितकी धडावरची ओढ कमी. तिसऱ्या तुकड्यात कमर आवळून बांधली आणि हात सरळ डोक्यावर नेला. कमरेपाशी कापड हललं नाही. हात खाली आणला की बगलेपुढे मोठाल्या घड्या पडतात आणि आजच्या नजरेला शिवण चुकल्यासारखी दिसते. त्या घड्या म्हणजे हात वर जाण्यासाठी राखून ठेवलेलं कापड आहे.

लोखंड यानंतर येतं. पंधराव्या शतकाच्या मध्याच्या एका इंग्रजी हस्तलिखितात पायी लढणाऱ्या माणसाला चिलखत कसं चढवावं याची सूचनापत्रिका आहे. आत सदरा घालायचा नाही. साटिनचं अस्तर लावलेला, भोकं पाडलेला फस्टियनचा अंगरखा घालायचा. फस्टियन म्हणजे बहुधा लिननचा ताणा आणि कापसाचा बाणा. बगलेत आणि कोपराच्या वळणात साखळीचे तुकडे शिवायचे. पत्रे बांधायच्या नाड्या क्रॉसबोच्या, म्हणजे आडव्या धनुष्याच्या दोरीच्या सुताच्या, मोच्याचं मेण लावलेल्या. आणि चिलखत चढवायला सुरुवात पायापासून करायची. ज्यानं हे लिहिलं त्यानं ते रोज केलं असणार, हे प्रत्येक ओळीत जाणवतं.

बगलेत साखळीच का? चारमेळी साखळीत प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते, आणि गंमत अशी की या लोखंडी विणीलाही उभं-आडवं अंग असतं. एका दिशेनं ती पसरते, दुसऱ्या दिशेनं मिटते. बांधकामाच्या काळ्या तारेच्या कड्या करून मी तळहाताएवढा तुकडा विणला, तो नव्वद अंशांत फिरवून धरला आणि वजन तेच असताना लोंबणं पूर्ण बदललं. माझ्या कड्यांची टोकं नुसती भिडवलेली होती. जुन्या कामात टोकं चपटी करून, एकमेकांवर चढवून, भोक पाडून रिव्हेट मारलेली असत. नुसती भिडवलेली कडी बाणाच्या टोकापुढे उघडते. आपल्याकडच्या चार-आईना चिलखतातही छाती, पाठ आणि दोन्ही कुशींना चार पत्रे असतात, कुशीच्या पत्र्यांना वरून बगलेसाठी अर्धगोल काप असतो, आणि तो उघडा भाग खालच्या साखळीवर सोपवलेला असतो.

हे वजन शरीराला किती पडतं, याचं मोजमाप लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. रॉयल आर्मरीज संग्रहालयातल्या चार अनुभवी लोकांना पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या प्रतिकृती घालून ट्रेडमिलवर चालवलं. चालायला २.१ ते २.३ पट, धावायला १.९ पट ऊर्जा लागली. पायांवरचं वजन प्रत्येक पावलाला झुलवावं लागतं, म्हणून ते पाठीवरच्या तेवढ्याच ओझ्यापेक्षा महाग पडतं. श्वासही खोल न होता उथळ आणि भराभर होत गेला.

सह्याद्रीत जड सॅक घेऊन चढलेल्यांना ठाऊक असतं की कमरेचा पट्टा आवळला की खांदे मोकळे होतात. आवळलेल्या अंगरख्यालाही तेच काम करायचं होतं: वजन कमरेच्या हाडावर टेकवायचं आणि खांदा रिकामा ठेवायचा. फ्रेंच सेनानी बूसिकोच्या १४०९ साली पूर्ण झालेल्या चरित्रात म्हटलं आहे की तो चिलखत घालून शिडीच्या खालच्या अंगानं, नुसत्या हातांवर लोंबकळत वर चढत असे. पूर्वी मला ही चरित्रकाराची भक्ती वाटायची. आता मी आधी विचारते, त्याच्या आतल्या अंगरख्याचा मुंढा कसा होता?

प्रतिकृतीला सगळं सांगता येत नाही, हेही तितकंच खरं. बाजारातला पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा असतो. जुन्या लोहारानं छातीच्या मध्यभागी जाड आणि कडेला पातळ पत्रा ठोकलेला आहे, त्यामुळे आजची प्रत बहुधा मुळापेक्षा जड होते. जुन्या पोलादात धातुमळीच्या रेघा राहून गेलेल्या असतात, आजच्या पोलादात त्या नसतात. आणि लहानपणापासून हे ओझं वागवलेलं शरीर आपल्यापैकी कुणाकडेच नाही.

माझा पुढचा अंगरखा लिननच्या दोन थरांचा आहे, मध्ये कापूस. मांजरपाटावर जमलेलं माप भरलेल्या कापडात आखडतं. टाके घातले की प्रत्येक चौकट थोडी फुगते आणि कापडाची लांबी-रुंदी कमी होते. म्हणून यावेळी टाके आधी घातले आहेत आणि मुंढा नंतर कापणार आहे. कमरेच्या नाड्यांना बांधायला दोन-दोन किलो वाळूच्या पिशव्या शिवून तयार ठेवल्या आहेत.