नशेच्या कारणावरून सेवामुक्ती व तिची फेरतपासणी (अमेरिकी सैन्य)

अमली पदार्थांच्या सेवनाचे कारण देऊन अमेरिकी सैन्याने ज्याला काढले, अशा सैनिकाने सेवामुक्तीचा शेरा बदलून मिळावा म्हणून केलेला अर्ज आणि त्यावरची कार्यवाही. याला सरसकट 'अपील' म्हटले जाते. पण वरच्या न्यायालयात दाद मागण्याशी त्याचे साम्य थोडे आहे. अर्ज जातो तो सैन्याच्याच एखाद्या मंडळाकडे, आणि बहुतेक अर्जदार 'मी नशा केलीच नाही' असे म्हणत नाहीत. नशा केली, पण ज्या परिस्थितीत केली ती पाहता आयुष्यभर चिकटणारा हा शेरा जास्त झाला, असे त्यांचे म्हणणे असते.

दाखला आणि शेरा

आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात 'चांगली' याखेरीज काही लिहिलेले सहसा कोणी पाहिलेले नसते. अमेरिकी सैनिकाला सेवा संपताना मिळणारा 'डीडी २१४' हा कागद म्हणजे सैन्य सोडल्याचा दाखलाच, फक्त त्यातला वर्तणुकीचा रकाना खराखुरा भरलेला असतो. सेवेचा दर्जा, सेवामुक्तीचे कारण आणि पुन्हा भरतीस पात्र आहे की नाही याचा संकेतांक या तीन नोंदी त्यावर असतात. नशेच्या प्रकरणात कारणाच्या रकान्यात 'गैरवर्तन, अमली पदार्थ' अशा अर्थाची ओळ पडते. नोकरीसाठी मुलाखतीला गेल्यावर समोरच्या माणसाची नजर नेमकी तिथे जाते.

दर्जाच्या पायऱ्या पाच आहेत. सगळ्यात वर 'ऑनरेबल', म्हणजे सन्मान्य. त्याखाली 'जनरल', म्हणजे सन्मान्य परिस्थितीत पण थोडा डाग असलेली. तिसरी 'अदर दॅन ऑनरेबल', जिला सैनिकांच्या बोलण्यात 'ओटीएच' म्हणतात. या तिन्ही प्रशासकीय, म्हणजे खटला न चालवता कमांडरच्या पातळीवरून देता येणाऱ्या. उरलेल्या दोन, 'बॅड कंडक्ट' आणि 'डिसऑनरेबल', फक्त लष्करी न्यायालयाच्या शिक्षेतून येतात. १९७७ पूर्वी तिसऱ्या पायरीला 'अनडिझायरेबल', म्हणजे नकोसा, असे नाव होते. नाव बदलले तरी अर्थ फारसा बदलला नाही.

व्यवहारात या पायऱ्यांना पैशाची किंमत आहे. 'जनरल' मिळालेल्या माजी सैनिकाला सरकारी आरोग्यसेवा आणि अपंगत्वाची भरपाई सहसा मिळते, पण महाविद्यालयाचा खर्च उचलणारा जीआय बिलाचा शैक्षणिक लाभ जातो. त्यामुळे 'जनरल'चे 'ऑनरेबल' करून घेण्याची धडपड पुष्कळदा थेट कॉलेजच्या फीसाठी असते. 'ओटीएच' मिळालेल्याचे जवळजवळ सगळेच अडकते. माजी सैनिक विभाग स्वतःची वेगळी चौकशी करून त्याला काही लाभ देऊ शकतो, पण त्या निर्णयाने दाखल्यावरचा शेरा पुसला जात नाही. या दोन वाटा स्वतंत्र आहेत आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात.

भारतात अशी शेऱ्यांची उतरंड नाही. बडतर्फी, सेवेतून दूर करणे आणि सेवामुक्ती हे वेगळे प्रकार आहेत, आणि दाद मागायची ती २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे, साधारणपणे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत. महाराष्ट्र व गोव्यातील सैनिकांची प्रकरणे त्याच्या मुंबई खंडपीठापुढे जातात. तिथला वाद मुख्यतः नोकरी आणि निवृत्तिवेतनाचा असतो. वीस वर्षांनी केवळ शेरा सुधारून मागण्याचा अमेरिकी प्रकार इथल्या वाचकाला म्हणूनच थोडा अनोळखी वाटतो.

बाटली ते बाहेरचा रस्ता

बहुतेक प्रकरणे मूत्रचाचणीपासून सुरू होतात. अचानक नावे निघतात, नेमलेल्या निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत बाटली भरायची, तिच्यावरच्या चिठ्ठीवर आद्याक्षरे करायची. तिथून प्रयोगशाळेपर्यंत बाटली कोणाकोणाच्या हातातून गेली याची लेखी साखळी ठेवली जाते. गांजासाठी प्राथमिक चाचणीची मर्यादा दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आणि पक्क्या चाचणीची १५ नॅनोग्रॅम आहे. लष्करी न्यायसंहितेच्या कलम ११२-अ नुसार सेवन हा गुन्हा आहे. तरी सगळ्यांवर खटला भरत नाहीत. पुष्कळांना कमांडरची शिक्षा आणि मागोमाग प्रशासकीय सेवामुक्ती मिळते.

खरी गफलत इथे होते. सहा वर्षांची सेवा झालेल्याला, किंवा ज्याला 'ओटीएच' देण्याचा प्रस्ताव आहे त्याला, अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे सुनावणी मागण्याचा हक्क असतो. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा मात्र लवकर घरी जायला मिळेल म्हणून तो हक्क सोडल्याच्या कागदावर सही करून मोकळा होतो. वर कोणीतरी त्याला सांगितलेले असते की सहा महिन्यांनी शेरा आपोआप सुधारतो. तो कधीच आपोआप सुधारत नाही. बराकींमध्ये ही अफवा पिढ्यान्पिढ्या टिकून आहे आणि तिने बुडवलेले लोक कमी नसावेत.

व्हिएतनाम आणि त्यानंतर

आजची सारी चौकट समजायची तर १९७१ कडे जावे लागते. व्हिएतनाममध्ये स्वस्त आणि जवळजवळ शुद्ध हेरॉइन सैनिकांच्या हाती सहज पडत होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी परतणाऱ्या सैनिकांची मूत्रचाचणी सुरू करवली. सैनिकांनी तिला 'ऑपरेशन गोल्डन फ्लो' असे नाव ठेवले, 'सोनेरी धारेची मोहीम'. चाचणीत सापडला त्याचे घरी जाण्याचे विमान चुकायचे. आधी उपचार, मग प्रवास. पुढे ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा तिथे व्यसनी झालेल्यांपैकी फार थोडे घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाच्या आहारी गेल्याचे दिसले. नशेचे मूळ माणसाच्या स्वभावापेक्षा तो जिथे होता त्या जागेत जास्त होते, असा त्याचा सरळ अर्थ. शेऱ्याची भाषा मात्र माणसालाच गैरवर्तनी ठरवत राहिली.

ऑगस्ट १९७१ मध्ये संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी, केवळ स्वतःच्या सेवनासाठी वा जवळ बाळगल्याबद्दल दिलेले 'अनडिझायरेबल' शेरे तपासून सुधारता येतील, असा आदेश काढला. नशेच्या सेवामुक्तीकडे दयाबुद्धीने पाहण्याचा हा पहिला मोठा सरकारी कागद म्हणता येईल. १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले: सक्तीच्या मूत्रचाचणीतून मिळालेला पुरावा वापरून ज्या माजी भूसैनिकांना कमी दर्जाची प्रशासकीय सेवामुक्ती दिली गेली, त्यांना 'ऑनरेबल' दाखला मिळाला पाहिजे.

मग वारे फिरले. २६ मे १९८१ च्या रात्री 'निमिट्झ' या विमानवाहू नौकेवर एक विमान उतरताना कोसळले आणि १४ जण मेले. मृतांपैकी डेकवर काम करणाऱ्या काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. अपघाताला गांजाच कारणीभूत होता असे सिद्ध झाले नाही, तरी त्या बातमीने पुढचे धोरण ठरवले. त्याच डिसेंबरमध्ये संरक्षण उपमंत्री फ्रँक कार्लुची यांनी चाचणीचा निकाल शिक्षेसाठी वापरायला परवानगी दिली. 'माझ्या नौदलात नाही' ही तेव्हाच्या नौदलप्रमुखांची घोषणा त्याच काळातली. चाचण्यांचा एवढा लोंढा आला की प्रयोगशाळांना तो पेलला नाही. नमुन्यांच्या हाताळणीत आणि नोंदींत दोष आढळल्यावर १९८४ मध्ये भूदलाला हजारो सैनिकांचे जुने निकाल संशयास्पद असल्याचे मान्य करावे लागले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा निकाल असलेल्या अर्जात हा मुद्दा आजही उपयोगी पडतो.

दोन दारे

पहिले दार सेवामुक्ती पुनरीक्षण मंडळाचे. १९४४ च्या जीआय बिलानेच त्याची तरतूद केली. 'डीडी २९३' हा फॉर्म सेवामुक्तीपासून १५ वर्षांच्या आत भरायचा. केवळ कागदपत्रांवर निर्णय मागता येतो किंवा सुनावणी. 'जनरल कोर्ट मार्शल'ने, म्हणजे सर्वांत गंभीर खटले चालवणाऱ्या लष्करी न्यायालयाने, दिलेल्या शिक्षेला हे मंडळ हात लावू शकत नाही. मंडळ दोन गोष्टी तपासते: सेवामुक्ती नियमाला धरून झाली का, आणि ती न्याय्य होती का. अर्ज केल्याने शेरा आणखी खाली जाईल अशी धास्ती अनेकांना असते. तसे करण्याचा अधिकार मंडळाला नाही.

दुसरे दार लष्करी नोंदी दुरुस्ती मंडळाचे. त्याचा जन्म मजेदार आहे. नोंदी दुरुस्त करून घेण्यासाठी लोक आपापल्या खासदारामार्फत काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, एकेका माणसापुरती विधेयके आणत. त्या गर्दीला कंटाळून काँग्रेसने १९४६ मध्ये हे काम प्रत्येक दलातील नागरी सदस्यांच्या मंडळांकडे सोपवले. इथे 'डीडी १४९' लागतो. मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची, पण न्यायाच्या दृष्टीने गरज वाटल्यास मंडळ ती माफ करू शकते. १५ वर्षे उलटलेल्यांना हेच दार उरते. २० डिसेंबर २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांसाठी या दोन्हींवर आणखी एक अखेरचे मंडळ आहे. तिथेही नकार मिळाला, तर संघीय न्यायालय.

दोन्ही ठिकाणी सुरुवातीला पारडे सरकारकडे झुकलेले असते, कारण सरकारी काम नियमाप्रमाणेच झाले असे गृहीत धरले जाते. ते खोटे ठरवायची जबाबदारी अर्जदाराची.

काय मांडायचे

साखळी तुटली, निरीक्षक जागेवर नव्हता, वकिलाचा सल्ला मिळू दिला नाही, असे नियमभंगाचे मुद्दे कागदावर दाखवता आले तर ठोस ठरतात. सैनिक स्वतःहून उपचार मागायला गेला आणि तिथे त्याने दिलेली कबुलीच त्याच्याविरुद्ध वापरली गेली, हाही असाच मुद्दा. भूदलाच्या नियमात अशा कबुलीला संरक्षण आहे आणि कमांडर ते विसरल्याची उदाहरणे जुन्या फायलींत सापडतात.

अजाणतेपणी पोटात गेल्याचा बचाव मात्र अवघड. तरी तो हास्यास्पद नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस लावलेले पाव-बिस्किटे टाळण्याचा सल्ला दिला, कारण काही जातींच्या खसखशीत अपेक्षेपेक्षा जास्त कोडीन, म्हणजे अफूतले एक द्रव्य, असू शकते आणि ते चाचणीत उतरते. दिवाळीच्या डब्यातून न्यू जर्सीहून अनारसे पाठवणाऱ्या आईला हे सांगायला हवे. भांगेच्या कुळातल्या हेम्पपासून केलेली तेले, मलमे आणि खाद्यपदार्थही २०२० पासून सैनिकांना वर्ज्य आहेत, मग ती बाहेर दुकानात उघड मिळत असोत.

अलीकडच्या बहुतेक यशस्वी अर्जांचा आधार मात्र तिसराच आहे: युद्धाचा आघात. २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी मंडळांना सांगितले की आघातोत्तर ताणाच्या विकारामुळे गैरवर्तन झाले असेल, तर अर्जाचा उदारपणे विचार करा. २०१७ च्या आदेशाने त्यात मेंदूला झालेली इजा, इतर मानसिक आजार, लैंगिक अत्याचार आणि छळ यांचाही समावेश केला आणि मंडळांपुढे चार प्रश्न ठेवले. विकार किंवा तसा अनुभव होता का. तो सेवेत असताना होता का. त्याने गैरवर्तनाचे स्पष्टीकरण मिळते का. आणि ते स्पष्टीकरण शेऱ्यापेक्षा वजनदार आहे का. झोप लागावी, रात्रीचे आवाज थांबावेत म्हणून ओढलेला गांजा हे तिसऱ्या प्रश्नाचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उत्तर आहे. त्याच कागदात एक लक्षणीय वाक्य आहे: गांजा सैन्यात बेकायदाच आहे, पण काही राज्यांत तो कायदेशीर झाल्यामुळे तेव्हाच्या मानाने आज ते वर्तन कमी गंभीर मानता येईल. २०१८ च्या आदेशाने सेवामुक्तीनंतरचे चांगले आयुष्यही जमेस धरायला सांगितले.

आदेश निघाले म्हणजे मंडळे वळली असे नाही. हे निकष पाळले जात नाहीत अशा तक्रारीवरून माजी सैनिकांनी दावे लावले, आणि आधी भूदलाने (२०२१), मग नौदलाने (२०२२) न्यायालयात तडजोड करून फेटाळलेली अनेक प्रकरणे पुन्हा उघडली.

पुरावा म्हणून डॉक्टरांचे निदान उत्तम. ते नसेल तर पत्नीचे, आईचे, बरोबरच्या सैनिकाचे पत्र चालते. 'जाण्याआधी तो दार लावताना एकदाच बघायचा, आल्यावर पाच वेळा' असे साधे निरीक्षण मोठमोठ्या विशेषणांपेक्षा जास्त काम करते. विक्रीचा किंवा वाटपाचा आरोप असेल तर मात्र उदारपणा लवकर आटतो.

नागरिकत्वाची गाठ

ग्रीनकार्डधारकांना अमेरिकी सैन्यात भरती होता येते आणि सेवेच्या आधारे नागरिकत्व लवकर मिळते. अमेरिकेतल्या भारतीय घरांतली काही मुले, त्यात मराठीही, या वाटेने जातात. त्यांच्यासाठी 'ओटीएच' ही केवळ नोकरीची अडचण राहत नाही. सेवेच्या आधारे नागरिकत्व मिळण्याला सन्मान्य सेवेची अट आहे. पाच वर्षांची सन्मान्य सेवा पुरी होण्याआधी असा शेरा मिळाला तर सेवेमुळे मिळालेले नागरिकत्व परत घेण्याचीही कायद्यात तरतूद आहे. शिवाय लष्करी न्यायालयात अमली पदार्थांबाबत दोषी ठरल्यास नागरिक नसलेल्याला हद्दपारीला तोंड द्यावे लागू शकते. अशा सैनिकाने हक्क सोडल्याच्या कागदावर सही करण्याआधी लष्करी वकिलाबरोबरच इमिग्रेशनचा वकीलही गाठणे अत्यावश्यक आहे.

निकालानंतर

अर्जाला फी नाही. माजी सैनिकांच्या संघटना आणि काही विधी महाविद्यालयांची मदत केंद्रे फुकट वकील देतात. वाट पाहावी लागते ती महिन्यांत नव्हे, पुष्कळदा वर्षात मोजावी लागते. अर्ज मान्य झाला तर नवा डीडी २१४ मिळतो. दर्जा सुधारला तरी कारणाची ओळ आणि पुनर्भरतीचा संकेतांक आपोआप बदलतीलच असे नाही. त्यांची मागणी अर्जात वेगळी लिहावी लागते. ती लिहायची राहिली, तर माणसाच्या हातात 'ऑनरेबल' दाखला येतो आणि त्याच कागदावर खाली 'अमली पदार्थ' हे शब्द तसेच राहतात.