विद्युतचुंबकीय जखम-उपचार (अंगावर बांधायचे उपकरण)

जुनाट जखमेवरची पट्टी न सोडता, तिच्यावरून बांधलेल्या छोट्या उपकरणातून विद्युतचुंबकीय स्पंद देण्याची पद्धत. नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून ती वापरतात. योग्य उपचार चालू असूनही चार ते सहा आठवड्यांत भरत नाही ती जखम साधारणपणे जुनाट मानतात.

उपकरणात एक बारीक सेल, छोटे सर्किट आणि तारेचे वेटोळे एवढेच असते. बऱ्याच उपकरणांतून 27.12 मेगाहर्ट्झच्या लहरी सलग न सोडता तुटक, अतिशय लहान स्पंदांत सोडल्या जातात. त्यामुळे ऊब लागत नाही. हा शेक नव्हे. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने वीज प्रवर्तित होते हे मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवले, त्याच तत्त्वावर इथे ऊतींत अतिक्षीण विद्युतक्षेत्र तयार होते. कातडी फाटली की जखमेच्या कडेला शरीराचा स्वतःचाही सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि पेशी त्या दिशेने सरकतात. भरणे थंडावलेल्या जखमेत बाहेरचे क्षेत्र या क्रियेला चालना देते आणि नायट्रिक ऑक्साइड वाढून रक्तपुरवठा सुधारतो, असा तर्क आहे. तर्क पटण्याजोगा असला तरी पुरावा त्याच्या बराच मागे आहे.

न जुळणाऱ्या हाडांसाठी विद्युतचुंबकीय स्पंदांना अमेरिकेत 1979 मध्ये मान्यता मिळाली. जखमांच्या बाबतीत चाचण्या थोड्या आणि लहान झाल्या. शिरांच्या विकाराने पायावर होणाऱ्या जखमा आणि अंथरुणाला खिळलेल्यांचे शय्याव्रण, या दोन्हींवरील कॉक्रेन आढाव्यांना (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासांना) ठाम फायदा दिसला नाही. अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना 2004 पासून या उपचाराचा खर्च देते, पण 30 दिवसांच्या नेहमीच्या उपचाराने जखम सुधारली नसेल तरच, तेही दवाखान्यात देखरेखीखाली. देखरेखीविना घरी वापरल्यास खर्च मिळत नाही. म्हणजे अंगावर बांधून घरी जायचे, हे ज्या सोयीसाठी उपकरणाचे कौतुक होते, नेमकी तीच सोय तिथे वगळलेली आहे.

विदर्भाच्या खेड्यात या सोयीचे आकर्षण सहज समजते. ड्रेसिंगसाठी तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. उपकरण सेलवर चालत असल्याने भारनियमनाचीही अडचण नाही. पण इथल्या जखमा मुळात का भरत नाहीत, ते आधी पाहावे लागते. शुगरमुळे किंवा कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळव्यात पऱ्हाटीचे धसकट घुसले तरी कळत नाही. माणूस संध्याकाळपर्यंत वावरात चालतो आणि पायताणाला रक्त दिसले की मग पाय पाहतो. अशी जखम बहुधा अंगठ्याच्या बुडाशी किंवा टाचेवर असते. भोवती पांढरट, टणक घट्ट्याचे कडे चढते आणि प्रत्येक पावलाला ते आतल्या कोवळ्या मांसावर दाबते. घट्टा काढून पायावरचा भार कमी केल्याशिवाय कोणतेही स्पंद तिथे फारसे उपयोगाचे नाहीत.

हे ज्ञान इथे नवे नाही. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन यांसारख्या ठिकाणी कुष्ठरुग्णांची सेवा अनेक दशके चालू आहे. बधिर पायाची निगा साधी असते: रोज पाय पाण्यात भिजवायचा, घट्टा घासायचा, ओलसर असतानाच तेल लावायचे, बोटांच्या बेचक्या पाहायच्या आणि मऊ रबरी तळाची चप्पल घालायची. उघडी जखम असेल तर घासायचे नाही, तिथला घट्टा जाणत्या हातानेच काढायचा. चालतानाही जखमेवर फारसा भार पडू न देणारे प्लास्टर ही या बाबतीतली खरी ताकदवान गोष्ट. भारतात कुष्ठरुग्णांवर काम करताना शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी तिचा पुरस्कार केला. अडचण एवढीच की वेचणीच्या दिवसांत पाय वर ठेवून बसा म्हणणे सोपे असते, बसणे नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यातही घोट्याजवळ अत्यंत दुखणारी, पुन्हापुन्हा उलटणारी जखम होऊ शकते. मात्र भारतातल्या अनेक रुग्णांत या आजाराची तीव्रता कमी करणाऱ्या गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त असल्याने ती तुलनेने कमी दिसते. शिरा फुगलेल्या पायाला दाबपट्टी लागते, रक्तवाहिनी चोंदलेल्या पायाला तीच दाबपट्टी घातक ठरते. म्हणून आधी पायाची नाडी तपासतात.

बाजारात मिळणाऱ्या चुंबकीय पट्ट्यांशी आणि कड्यांशी या उपचाराचा संबंध नाही. स्थिर चुंबक अंगावर नुसता बसून राहिला तर वीज प्रवर्तित होत नाही.

पेसमेकर बसवलेल्यांना आणि गरोदर बायकांना हे उपकरण देत नाहीत. वर्षानुवर्षे चिघळत राहिलेल्या जखमेची कड फुलकोबीसारखी उचलून आली, दुर्गंधी वाढली किंवा ती सहज रक्ताळू लागली, तर उपकरण बांधण्याआधी तिचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. अशा जुन्या जखमेत कातडीचा कर्करोग होऊ शकतो.