गुडघे-पायांची सूज : घरी काय करावं, दवाखाना कधी गाठावा

कापूस वेचणीच्या दिवसांत आणि मे महिन्यातल्या उन्हाच्या तडाख्यात आमच्या औषधांच्या दुकानात क्रेप बँडेजची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या पट्टीची, मागणी वाढते. बँडेज देण्याआधी आम्ही विचारतो, सूज एकाच पायाला आहे की दोन्ही? उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

दिवसभर उभं राहून किंवा एसटीत पाय लोंबकळत ठेवून दोन्ही घोटे सुजले आणि सकाळपर्यंत उतरले, तर बहुतेक वेळा पाणी खाली साचलेलं असतं. आडवं व्हा, पायाखाली उशा किंवा गोधडीची घडी घेऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवा. 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पडल्यापडल्या पंजे वर-खाली हलवत राहा. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ पुरे. त्यात पापड, लोणचं, शेव, ठेचा यांतलंही मीठ आलं.

गुडघा मुरगळून सुजला असेल तर पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं लावा. शेक आणि चोळणं तेव्हा नको, सूज वाढते. निर्गुडीच्या पाल्याचा शेक जुन्या, आखडलेल्या गुडघ्याला आराम देतो. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर बर्फ, शेक दोन्ही जपून. चटका कळतच नाही.

बँडेज बांधण्यात सगळ्यात जास्त चूक होते. नुसत्या गुडघ्यावर करकचून आवळलं की खालची पोटरी फुगते. पायाला सूज असेल तर बोटांच्या मुळापासून सुरुवात करून वर जा, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्या पट्टीवर येऊ द्या, खाली थोडा घट्ट, वर सैल. बोटांची टोकं उघडी ठेवा. ती निळी, थंड पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. झोपताना काढाच. मधुमेह असेल किंवा चालताना पोटरीत गोळे येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नका.

एकच पोटरी अचानक सुजली, दुखते, गरम लागते? चोळू नका, बँडेजही नको. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर तासभरही थांबू नका. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तरी तसंच. दोन्ही पायांसोबत चेहरा सुजणं, उताणं झोपल्यावर दम लागणं, नडगीवर अंगठा दाबल्यावर खड्डा तसाच राहणं, ही हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या त्रासाची खूण असू शकते. गरोदर ताईंचे हात-चेहरा सुजले, डोकं दुखू लागलं तर बीपी लगेच तपासून घ्या.

बीपीच्या अॅम्लोडिपिन गोळीनेही घोटे सुजतात. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि आमच्याकडे डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी रोजच्या रोज मागू नका. ती अंगात पाणी धरून ठेवते, मूत्रपिंडालाही जड जाते.

घरात जुनं बँडेज असेल तर घेऊन या, बांधायचं कसं ते दाखवू. नवीन घ्यायलाच हवं असं नाही. ताणून सोडल्यावर ते आखडत नसेल, तेवढं बदला.