क्विल-बॉडी फ्लाय

क्विल-बॉडी फ्लाय : गळावर पिसे, केस आणि दोरा बांधून तयार केलेल्या कृत्रिम कीटकाला फ्लाय म्हणतात. ट्राउट (थंड, गोड्या पाण्यातला मासा) आणि तत्सम मासे धरण्यासाठी ती वापरतात. फ्लायचे पोट, म्हणजे ज्याला बांधणारे ‘बॉडी’ म्हणतात तो भाग, पिसाचा सोललेला तंतू किंवा पिसाची दांडी (यालाच क्विल म्हणतात) गुंडाळून केला असेल, तर ती क्विल-बॉडी फ्लाय. यासाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो मोरपिसाच्या डोळ्यातला तंतू. त्याखालोखाल कोंबड्याच्या मानेवरील पिसांच्या दांड्या आणि हंस किंवा टर्की यांच्या उड्डाणपिसांच्या पुढच्या कडेचे आखूड, ताठ तंतू येतात. या शेवटच्या प्रकाराला बायट म्हणतात.

मेफ्लाय हा ट्राउटच्या आहारातला महत्त्वाचा कीटक. त्याचे पोट बारीक, शेपटीकडे निमुळते आणि दहा खंडांचे असते. लवेचे किंवा लोकरीचे पोट जाडसर आणि केसाळ होते, त्यात हे खंड उमटत नाहीत. क्विल गुंडाळली की एकेक वेढा एकेका खंडासारखा दिसतो आणि पोट सडपातळ राहते. शिवाय लव पाणी शोषते, क्विल जवळजवळ शोषत नाही. शांत, नितळ पाण्यात मासा फ्लाय निरखून घेतो, तिथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. खळाळत्या पाण्यात मात्र लवेच्या फ्लायही उत्तम चालतात. क्विलचे श्रेष्ठत्व सर्वत्र आहे असे नाही.

मोराच्या क्विलचे वैशिष्ट्य तिच्या दोन कडांत आहे. तंतूवरची हिरवी-सोनेरी लव काढली की खाली एक चपटी, फितीसारखी काडी उरते. तिची एक कड गडद तपकिरी आणि दुसरी फिकट असते. वेढ्याला वेढा लावून ती गुंडाळली की गडद-फिकट पट्टे आपोआप उमटतात, त्यासाठी वेगळा रंग किंवा दोरा लागत नाही. पण प्रत्येक मोरपिसात हा भेद सारखा नसतो. पीस उलटे करून डोळ्याची मागची बाजू पाहावी. ती फिकट दिसली तर तंतूंत भेद चांगला असतो. काळपट दिसली तर सोललेली क्विल एकरंगी निघते. डोळ्याच्या खाली, दांडीवर लांब वाढलेले तंतूही बहुधा एकरंगीच असतात. ते लवेसकट इतर फ्लायसाठी वापरावेत, क्विलसाठी नव्हे.

या कामातला खरा कौशल्याचा भाग गुंडाळण्यात नसून सोलण्यात आहे. एखाददुसरा तंतू लागणार असेल तर तो सपाट जागेवर धरून पेन्सिलीच्या खोडरबराने देठाकडे घासावा किंवा अंगठ्याचे नख आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ओढावा. पुष्कळ तंतू हवे असतील तर डोळा वितळलेल्या मेणात बुडवून गार होऊ देतात. मेण लवेला धरून ठेवते, त्यामुळे एकेक तंतू नखाने ओढताना मेणाबरोबर लवही निघते. या पद्धतीने काडीचा नैसर्गिक रंग टिकतो आणि मेणाचा जो पातळ थर मागे राहतो त्याने ती थोडी चिवटही होते. तिसरी पद्धत क्लोरीन ब्लीचची. पाण्यात ब्लीच घालून त्यात अख्खा डोळा हलवत राहिले की लव विरघळून जाते. लव गेल्याबरोबर डोळा बाहेर काढून भरपूर स्वच्छ पाण्यात धुवावा आणि मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून पुन्हा धुवावा. जास्त वेळ ठेवला तर गडद कड फिकी पडते आणि काडी इतकी ठिसूळ होते की गुंडाळताना तुटते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलेही आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पूर्ण पांढऱ्या केलेल्या क्विल पिवळ्या, ऑलिव्ह, लाल अशा रंगांत रंगवून विकतात. त्यांत कडांचा भेद टिकला आहे का, हे पाहूनच घ्याव्यात.

बांधण्याआधी क्विल थोडा वेळ पाण्यात भिजवतात. कोरडी क्विल वेढा घेताना चिरते. गळ व्हाइसमध्ये (गळ घट्ट धरणाऱ्या पकडीत) पकडून शेपटी बांधून झाली की दोऱ्याने खालचा थर भरतात, आणि पोटाचा आकार इथेच ठरतो. क्विल पातळ असल्यामुळे खालचा प्रत्येक उंचवटा वर दिसतो. त्यासाठी बारीक दोरा घ्यावा आणि बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे साधन) उलटी फिरवून त्याचा पीळ काढावा, म्हणजे दोरा चपटा बसतो. थर शेपटीकडे बारीक आणि पुढे हळूहळू जाड होत गेला पाहिजे. दोऱ्याचा रंगही विचार करून निवडावा, कारण वार्निश लागल्यावर तो क्विलमधून झिरपून दिसतो: फिकट पिवळ्या दोऱ्यावर पोट मधाच्या रंगाचे होते, काळ्यावर तीच क्विल मंदावते.

क्विलच्या टोकाचा अगदी बारीक भाग कच्चा असतो, तो कापून टाकतात. उरलेले टोक शेपटीजवळ बांधून देठाकडचा भाग पुढे गुंडाळत आणतात, त्यामुळे वेढे मागे अरुंद आणि पुढे रुंद होतात. वेढे एकमेकांना टेकलेले असावेत, पण एकावर एक चढू नयेत. एक वेढा चढला की तिथला फिकट पट्टा झाकला जातो आणि डोळ्याला लगेच खटकतो. असे झाले तर मागे जाऊन तो वेढा पुन्हा घ्यावा.

एवढे झाल्यावरही मोराची क्विल नाजूकच राहते. ट्राउटचे दात बारीक पण धारदार असतात. एका जागी क्विल कापली गेली तर सगळे पोट उलगडते. म्हणून खालच्या थरावर सुपरग्लूचा पुसट हात फिरवून ओल्या गोंदावरच क्विल गुंडाळतात किंवा वरून वार्निशचे पातळ थर देतात. अतिनील टॉर्चने क्षणात घट्ट होणारे रेझिन हा अलीकडचा मार्ग. जुनी रीत बारीक सोनेरी तारेची: क्विलच्या उलट दिशेने तार फिरवली की ती प्रत्येक वेढ्याला आडवी धरून ठेवते. तारेने पट्ट्यांचा सलगपणा किंचित मोडतो, तरी तरंगत्या फ्लायसाठी ती रेझिनच्या जाड थरापेक्षा बरी, कारण जाड थराचे वजन फ्लायला खाली ओढते.

कोंबड्याच्या पिसाची दांडी यापेक्षा पुष्कळ टिकाऊ असते. दोन्ही बाजूंचे तंतू ओढून काढले की गोलसर, निमुळती काडी मिळते. तिच्या प्रत्येक वेढ्याच्या गोलाईने खंड उठून दिसतात, म्हणून दोन कडांच्या रंगभेदाची गरज उरत नाही. हीही भिजवूनच घ्यावी. बायटची गंमत वेगळी आहे. त्याच्या एका कडेला बारीक झालर असते. एका बाजूने बांधला तर प्रत्येक वेढ्यावर ती झालर उभी राहते, उलटा बांधला तर पोट गुळगुळीत होते. कोणती बाजू काय देते हे एक सैल वेढा घेऊन पाहिल्यास लगेच कळते. हंसाचा बायट आखूड असतो, मोठ्या गळासाठी टर्कीचा घ्यावा. पूर्वी इंग्लंड-अमेरिकेत काँडोरच्या पिसांचे तंतूही वापरत. काँडोर आता साइट्स या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे, आणि त्याची जागा टर्की व हंसाच्या बायटने समर्थपणे घेतली आहे. मोराची पिसे मात्र विणीचा हंगाम संपल्यावर दरवर्षी आपोआप गळतात, त्यासाठी पक्षी मारावा लागत नाही.

तरंगत्या क्विल फ्लायला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील संथ, स्वच्छ चॉकस्ट्रीम (खडूच्या खडकातून झरणाऱ्या) नद्यांवर प्रतिष्ठा मिळाली. फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) हे त्या परंपरेचे प्रमुख नाव. अमेरिकेतील थिओडोर गॉर्डन (१८५४–१९१५) यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता आणि १८९० मध्ये हॅलफर्ड यांनी त्यांना आपल्या फ्लायचे नमुने पाठवले. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्स्किल डोंगरांतल्या नद्या वेगवान होत्या, कीटकही वेगळे होते. गॉर्डन यांनी नमुन्यांची नक्कल न करता तिथल्या पाण्याला साजेशी क्विल गॉर्डन बांधली: मोराच्या क्विलचे पोट, निळसर राखाडी हॅकल (गळाभोवती गुंडाळलेले कोंबड्याचे पीस) आणि शेपटी, वुड डक या बदकाच्या कुशीतल्या पिसांचे पंख. वसंताच्या सुरुवातीला निघणाऱ्या एपिओरस प्ल्युरालिस या मेफ्लायशी ती जुळते. त्याच परिसरात पुढे फ्लाय बांधणारे आर्ट फ्लिक यांनी रेड क्विल लोकप्रिय केली. तिचे पोट तांबूस कोंबड्याच्या पिसाच्या दांडीचे असून ती हेन्ड्रिकसन मेफ्लायच्या नराची प्रतिकृती आहे.

बुडणाऱ्या फ्लायमध्येही क्विलला मोठी मागणी आहे. तळ्यांतील कायरोनॉमिड (डासासारखे, न चावणारे कीटक) कोषांची नक्कल करणाऱ्या बझर फ्लायला क्विलचे पट्टे शोभतात. स्पेनमधील स्पर्धकांनी रूढ केलेल्या पर्डिगॉन या फ्लायमध्ये पुढे टंगस्टनचा मणी, मागे बारीक पोट आणि सगळ्यावर रेझिनचे गुळगुळीत कवच असते. पाण्याला अडथळा न झाल्याने ती झपाट्याने तळ गाठते. तरंगत्या फ्लायला जड पडणारा रेझिनचा जाड थर इथे उपकारकच ठरतो, आणि त्याखालची क्विल दातांपासून सुरक्षित राहते.