खाचेचा हिशेब: वीव्हर ते एम-लॉक

रायफलीसाठी माउंट, म्हणजे दुर्बीण वगैरे धरून ठेवणारा जोड, विकणाऱ्या जाहिरातीत बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: '२० मिमी रेलसाठी', कधी '२१ मिमी'. यातून काहीच कळत नाही. तो आकडा रेलच्या, म्हणजे रायफलीवरच्या खाचांच्या पट्टीच्या, रुंदीचा आहे. वस्तू बसणार की नाही हे ठरतं आडव्या खाचेवर. खाच किती रुंद आणि दोन खाचांत अंतर किती, या दोन मापांवर एकमत व्हायला अमेरिकेत पासष्ट वर्षं गेली. सुट्या भागांचा आजचा बाजार त्याच एकमतावर उभा आहे.

एका बंदुकीचा भाग दुसरीत बसावा, ही कल्पना त्याहून बरीच जुनी. तिचं श्रेय शाळेच्या पुस्तकांत एली व्हिटनीला मिळतं. त्याने १७९८ मध्ये १०,००० मस्केटींचं कंत्राट घेतलं आणि पुरं करायला दहा-एक वर्षं लावली. पण त्याच्या बंदुकांचे भाग नंतर तपासले, तेव्हा ते सर्रास अदलाबदल होण्याजोगे निघाले नाहीत. ते खऱ्या अर्थाने साधलं जॉन हॉलने, १८२० च्या दशकात, हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात: प्रत्येक भागासाठी गेज, म्हणजे मापाचा साचा, आणि गेजात न बसणारा भाग बाद. मात्र ही शिस्त बंदुकीच्या पोटातल्या भागांपुरती राहिली. बाहेरून काही लावायचं, तर त्यासाठी पुढची शंभर वर्षं काहीच ठरलेलं नव्हतं.

१९२० च्या दशकात शिकारी रायफलीवर दुर्बीण बसवणं हे कारागिराचं काम होतं. रिसीव्हरवर, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या भागावर, भोकं पाडायची, आटे काढायचे, दुर्बिणीखालचा बेस कानशीने घासून बसवायचा. त्या कामाचा आटा ठरून गेला तो ६-४८, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचा स्क्रू आणि इंचाला ४८ आटे. आजही तोच चालतो. जोरदार धक्क्याच्या रायफलींना ८-४०. हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचा ६-३२ मिळतो. तो एक-दीड फेरा आत जातो, अडतो, आणि मग जोर लावला की रिसीव्हरचे आटे जातात. एका रुपयाच्या स्क्रूपायी रायफल वर्कशॉपमध्ये, हा प्रकार नवा नाही.

विल्यम वीव्हरने १९३० मध्ये केंटकीतल्या न्यूपोर्टला स्वस्त दुर्बीण बनवायला सुरुवात केली आणि १९३३ मध्ये बिऱ्हाड टेक्सासातल्या एल पासोला हलवलं. दुर्बीण सामान्य शिकाऱ्याच्या खिशाला परवडू लागली आणि तिच्याबरोबर त्याचा बेसही घरोघरी गेला: ॲल्युमिनियमची पट्टी, दोन्ही कडा तिरप्या, वर आडवी खाच. खाचेची रुंदी ०.१८० इंच. दुर्बिणीला धरणाऱ्या रिंगचा आडवा बोल्ट त्या खाचेत उतरतो आणि धक्का अडवतो. कडांची पकड फक्त रिंग धरून ठेवते; धक्का सोसतो तो बोल्ट. हे भान सुटलं की माणूस पकडीचे स्क्रू मरेस्तोवर आवळतो आणि दुर्बीण तरीही सरकते.

वीव्हरच्या पद्धतीत दोन उणिवा होत्या. पहिली, दोन खाचांतलं अंतर ठरलेलं नव्हतं. बेस ज्या रायफलीसाठी, खाचा तिच्या सोयीने. दुसरी जुन्या रिंगांची. वरची पोलादी पट्टी एका बाजूला अडकवायची आणि स्क्रू फक्त दुसऱ्या बाजूला. आवळू लागलं की दुर्बीण त्या बाजूला वळते. आत उभी दिसणारी रेघ शेवटच्या पाव फेऱ्यात तिरकी होते. माहीतगार माणूस ती आधीच थोडी उलट्या बाजूला झुकवून ठेवतो, म्हणजे आवळल्यावर सरळ येते.

शिकाऱ्याचं एवढ्यावर भागत होतं. सैन्याचं भागेना, कारण तिथे एकाच रायफलीवर दिवसा एक दुर्बीण, रात्री दुसरी, आणि दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. न्यू जर्सीतल्या पिकाटिनी आर्सेनलमध्ये हे माप कागदावर आलं आणि ३ फेब्रुवारी १९९५ रोजी मिल-स्टँडर्ड-१९१३ या लष्करी मानकाच्या नावाने लागू झालं. मूळ आरेखन कोणाचं, यावर खाजगी उत्पादकांचेही दावे आहेत. तो वाद बाजूला ठेवू. आकडे महत्त्वाचे: खाच ०.२०६ इंच म्हणजे ५.२३ मिमी, खोली ३ मिमी, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिमी, रेलची रुंदी २१.२ मिमी.

वीव्हर आणि पिकाटिनी यांच्या खाचेत फरक ०.०२६ इंचाचा, पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणून वीव्हरची वस्तू पिकाटिनीवर बहुतेक वेळा बसते; उलटं सहसा होत नाही, बोल्ट खाचेत उतरतच नाही. बसली तरी तेवढी फट उरते. फट असेल तर आवळण्याआधी माउंट नळीच्या दिशेने पुढे रेटून ठेवायचा. गोळी सुटली की रायफल मागे येते, दुर्बीण जडत्वाने जागीच राहू पाहते, म्हणजे रेलच्या हिशेबाने पुढे सरकते. बोल्ट आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला असेल, तर सरकायला जागा उरत नाही. मध्ये सोडला तर पहिल्या पाच-दहा गोळ्यांत नेम हलतो आणि दोष दुर्बिणीच्या माथी येतो.

नाटोने २००९ मध्ये स्टॅनॅग ४६९४ हे रेलचं स्वतःचं मानक आणलं. आकार तोच, पण पकडीचा आधार तिरप्या कडांऐवजी रेलच्या वरच्या सपाट पृष्ठावर घेतला. काढून पुन्हा लावल्यावर नेम परत जागेवर यावा यासाठी हा बदल, कारण सपाट पृष्ठ अचूक मापात तासणं तिरप्या कडांपेक्षा सोपं पडतं.

मधल्या काळात रेलचा अतिरेकही झाला. नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणावर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार रेल आल्या. वजन वाढलं, धारदार दातांनी तळहात सोलले, म्हणून त्यांवर रबराची झाकणं आली. म्हणजे रेल लावायची आणि मग ती झाकायची. २०१२ मध्ये या रेलऐवजी कीमॉड आलं: चावीच्या भोकासारखी भोकं, आरेखन सर्वांना खुलं. २०१४ मध्ये मॅगपुल कंपनीने एम-लॉक आणलं: ३२ मिमी लांब, ७ मिमी रुंद साध्या खाचा; परवाना घ्यावा लागतो, पण फी नाही. अमेरिकी नौदलाच्या क्रेन केंद्राने दोन्हींची तुलना केली. वस्तू काढून पुन्हा लावल्यावर नेम एम-लॉकमध्ये सरासरी १.३ मिनिटांनी सरकला, कीमॉडमध्ये ४.९ मिनिटांनी. हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग; एक मिनिट म्हणजे शंभर मीटरवर २९ मिमी, तेव्हा फरक सुमारे दहा सेंटिमीटरचा. हे निष्कर्ष २०१७ मध्ये बाहेर आले आणि कीमॉडचा बाजार आटत गेला.

एम-लॉक बसवताना चूक एकाच जागी होते. स्क्रू आधी उलटा फिरवून आतला टी-नट खाचेला समांतर आणायचा, खाचेतून आत घालायचा, मग सुलटा फिरवायचा. नट ९० अंश वळून आडवा होतो आणि धरतो. न वळताच आवळला गेला, तर वस्तू हाताला घट्ट लागते आणि पहिल्या ठोक्याला निसटते. जमेल तिथे आतून डोकावून खात्री करावी.

रशियन घराण्यात गोष्ट वेगळी. एके रायफलीचं वरचं झाकण पातळ पत्र्याचं आणि साफसफाईला निघणारं, त्यावर दुर्बीण ठरत नाही. म्हणून रिसीव्हरच्या डाव्या कुशीला रेल. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने घडवलेली इन्सास रायफल १९९५ च्या मानकाआधीच आरेखित झाली होती. त्याच संस्थेच्या नंतरच्या जेव्हीपीसी कार्बाइनवर मात्र पिकाटिनी रेल मुळातच आहे.

आपल्याकडे सर्वसामान्य नेमबाजाच्या हाती असते ती एअर रायफल, आणि तिथे अजून ११ मिमीची कोरीव डव्हटेल, म्हणजे तिरप्या कडांची अरुंद पट्टी, चालते. कोल्हापूरच्या रेंजवरची ऑलिम्पिक पद्धतीची रायफलही डायॉप्टर (बारीक छिद्रातून नेम धरायचं साधन) त्याच ११ मिमीवर धरते. त्यावर २१ मिमीचा माउंट बसत नाही. मध्ये ॲडॅप्टर घ्यावा लागतो आणि दुर्बीण तेवढी उंच जाते. स्प्रिंगच्या एअर रायफलीत आणखी एक गोम: पिस्टन सुटताना धक्का मागे आणि पिस्टन थडकला की पुढे. माउंट इथे हळूहळू मागे सरकतो, म्हणून रोधक पिन मागच्या बाजूला हवी. फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेली चांगली महागडी दुर्बीणसुद्धा या उलट्या धक्क्याने खिळखिळी होते.

अमेरिकेत हा बाजार एवढा फोफावला त्याला कायद्याचाही हातभार आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे फ्रेम किंवा रिसीव्हर म्हणजे बंदूक; दस्ता, कुंदा, नळी टपालाने येते. सायलेन्सरवर मात्र १९३४ पासून वेगळे निर्बंध. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ ने 'अग्निशस्त्र' या व्याख्येतच सुटे भाग घातले, शिवाय आवाज किंवा भडका कमी करणारी उपकरणंही. त्यामुळे परदेशी कॅटलॉगमध्ये किरकोळ सामान म्हणून छापलेला फ्लॅश हायडर, म्हणजे नळीच्या तोंडाशी भडका कमी करणारा भाग, इथे कायद्याच्या लेखी स्वतःच अग्निशस्त्र ठरतो, मग तो रिकाम्या खोक्यात एकटा का आलेला असेना.