तांब्याच्या बांधावरचा तंटा

चित्र काढताना नंतरचा आकार आधीच्यावर बसतो. सर्किट बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच चालत असेल, या समजुतीने नवशिके हमखास फसतात. कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही झोन, म्हणजे तांब्याने भरायचा भाग, काढता तेव्हा फक्त त्याची हद्द आखता. आत तांबं कुठे राहील, ते पुढे हिशेबाने ठरतं.

नेहमीचं उदाहरण एएमएस१११७ या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरचं, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपचं. त्याची रुंद पट्टी ग्राउंड (शून्य व्होल्ट) नसते, आउटपुट असते. उष्णता पसरावी म्हणून तिच्याखाली ३.३ व्होल्टचा झोन आखतात आणि तो बोर्डभर पसरलेल्या ग्राउंडच्या झोनमध्येच पडतो. दोघांची प्रायॉरिटी (अग्रक्रम) ० असली की डीआरसी, म्हणजे बोर्ड नियमांत बसतो का याची तपासणी, ‘झोन एकमेकांना छेदतात’ अशी तक्रार करते. लहान झोनच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रायॉरिटी १ करा, मग ‘बी’ दाबून सगळे झोन पुन्हा भरा. मोठा आकडा आधी भरला जातो, लहान आकड्याला सरकावं लागतं. कीकॅड बंद करून पुन्हा उघडणं म्हणजे लिंबू-मिरची उतरवून टाकणं; त्याने प्रायॉरिटी बदलत नाही.

खरी गंमत पुढे आहे. ग्राउंडच्या हद्दीतून परक्या नेटचा (वेगळ्या विद्युत जोडणीचा) प्रत्येक पॅड (सुटा भाग डकवायची जागा), ट्रॅक (तांब्याची रेघ) आणि वरचढ झोन वजा होतो, तोही क्लिअरन्सइतका, म्हणजे सक्तीच्या अंतराइतका, फुगवून. उरलेला आकार सगळीकडून झोनला ठरवून दिलेल्या किमान रुंदीच्या निम्म्याने आत दाबतात आणि तेवढाच परत फुगवतात. अरुंद गळा पहिल्या दाबातच नाहीसा होतो. जे उरलंच नाही ते फुगणार कुठून?

समजा, ३.३ व्होल्टचं तांबं बोर्डाच्या कडेपासून १.२ मिमीवर आहे. झोनचा क्लिअरन्स ०.५, कडेचाही ०.५. ग्राउंडला उरले ०.२ मिमी. किमान रुंदी ०.२५ असेल तर ती पट्टी गायब! ३.३ व्होल्टचा झोन ०.२ मिमी आत घ्या, पट्टी ०.४ ची होऊन परत येते. जागाच नसेल तर तुटलेल्या भागात व्हाया (थर जोडणारं तांब्याचं भोक) टाकून खालच्या लेयरवरच्या ग्राउंडला जोडा. पॅड किंवा व्हाया नसलेला सुटा तुकडा ‘आयलंड’ म्हणून काढला जातो, तो काढू द्यावा.

दोन्ही झोन एकाच नेटचे असतील, तर भांडण कसलं? प्रायॉरिटी सारखी ठेवून दोन्ही निवडा आणि ‘मर्ज झोन्स’ करा.

ट्रॅक हलवल्यावर मात्र पडद्यावर जुनंच भरण दिसत राहू शकतं. म्हणून डीआरसीच्या खिडकीत झोन पुन्हा भरण्याच्या पर्यायावर खूण ठेवा, आणि गर्बर (कारखान्याला द्यायच्या फाइल्स) काढताना भरण तपासण्याच्या पर्यायावरही.